गुरुवारचा मिसकॉल

तलवाड्यातल्या आमच्या बचत गटाची मी अध्यक्ष. चार बायकांत खुर्ची मिळाली की मान आपोआप ताठ होते. माझी तर जरा जास्तच झाली होती.

गटाच्या कर्जातून पिठाची गिरणी घ्यायची होती आणि ती मागच्या गल्लीतल्या एका ऊसतोड बाईला द्यायचं ठरलं होतं. गिरणी आली की कोयता सुटेल, लेकरं शाळेत टिकतील, एवढीच तिची आस. दसऱ्यानंतर ट्रकमध्ये भांडी चढवता चढवता तिनं सहा महिन्यांची बचत आगाऊच माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "अध्यक्षबाई, बैठकीला येनं व्हनार न्हाई. गुरवारी फडातून मिसकॉल देते, तेवढी हजेरी लावा."

"बरं बरं," म्हणाले मी.

दर गुरुवारी अकराला बैठक भरायची आणि माझा फोन वाजायचा. नंबर तिचा, हे मला ठाऊक असायचं. मी कट करायचे आणि पुढचं बोलायचे. हजेरी एकदाही लावली नाही. कारण सांगताना आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं. गिरणीवर माझ्या जावेचा डोळा होता, घरात त्यावरून रोज धुसफूस चालायची. शेवटी मीच ठराव मांडला: ओळीनं तीन बैठका चुकवल्या, तर कर्जाचा हक्क गेला. आमच्यात ऊसतोडीला जाणारी ती एकटीच. बायका माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग एकेकीनं सही केली. गिरणी जावेच्या ओसरीत बसली.

चैत्रात ती परतली. मी धडधडीत खोटं बोलले, "बँकेनं नियम बदलला बाई, माझ्या हातात काय न्हाई." तिनं मान डोलावली. मी चहा पाजला तिला, वर उपकार केल्यासारखा.

परवा, पुन्हा निघायच्या आदल्या दिवशी, ती जावेकडे बाजरी दळायला आली. तिकडे न्यायचं पीठ होतं. मी तिथंच बसले होते. डबा खाली ठेवत ती हसून म्हणाली, "औंदा बी मिसकॉल देते, अध्यक्षबाई. तुमी कट केला की मला कळतंय, हजेरी लागली. लई बरं वाटतं बगा. मागल्या साली एक बी गुरवार चुकवला न्हाई मी. औंदा लागंल ना माझा नंबर?"

गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं मी दाखवलं.