बारवेतलं कासव

पोलिसातल्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण पाटोद्याच्या बाजूला ठाणेदार असताना आलेलं एक साधंच प्रकरण मनातून जात नाही. त्यात कुणी मेलं नव्हतं आणि आरोपी गुन्हेगार म्हणावा असाही नव्हता. म्हणूनच असेल कदाचित.

लागोपाठच्या दुष्काळाचा तो उन्हाळा होता. तक्रारी येत त्या पाण्याच्या. टँकर अडवला, पाइप कापला, रांगेत घागर पुढे सरकवली म्हणून डोकं फोडलं. दोन्ही बाजूंना समज देऊन पाठवताना आम्हालाच लाज वाटायची, कारण भांडणारे सगळे तहानलेले असत.

एका सकाळी एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. गावात एक जुनी पायऱ्यांची बारव होती. टँकरचं पाणी तीतच सोडत आणि बाया खाली उतरून घागरी भरत. शेवटच्या पायरीवर वाकलेल्या एका बाईची उजव्या हाताची दोन बोटं पाण्यातल्या कशानं तरी तोडली होती. गाव म्हणत होतं, मगर आहे. पाटलाला काळजी वेगळीच होती. शेजारच्या वस्तीशी टँकरवरून वाद चालू होता, आणि पाणी नासवायला त्यांनीच काहीतरी आणून टाकलं, असं बोललं जात होतं. दगड गोळा व्हायला सुरुवात झाली होती.

हवालदाराला घेऊन आधी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, मगरीनं हात सोलून काढला असता. ही बोटं अडकित्त्यानं तोडावीत तशी तुटली आहेत. बाई भिंतीला टेकून बसली होती. जबाबात एवढंच म्हणाली, "मी घागर बुडवाया वाकले, अन् कायतरी आलं. दिसलं न्हाई." मग तिनं विचारलं, सांजची धार कोण काढणार. घरात ती आणि सासू दोघीच. एक म्हैस, तिचं दूध गावच्या सहकारी दूध संस्थेत जायचं आणि त्यावर घर चालायचं.

बारव उपसायची म्हटल्यावर गाव आडवं आलं. पाणी वाया घालवू देणार नाही, म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं. शेवटी घरोघरची पिंपं, हौद, कढयासुद्धा आणून ठेवल्या आणि मोटार लावून पाणी त्यांत भरलं. शेजारच्या वस्तीच्या चार माणसांनाही मी मुद्दाम समोर उभं केलं, म्हणजे जे निघेल ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघेल.

तळाच्या गाळात एक कासव निघालं. सुपाएवढं, पाठीवर काटेरी उंचवटे, पोपटासारखी वाकडी चोच, करवतीसारखी शेपटी. गावातल्या म्हाताऱ्यांनी असलं जनावर जन्मात पाहिलेलं नव्हतं. दोघेतिघे पहार घेऊन पुढे झाले. माझा शिपाई त्याला धरायला वाकला, तेवढ्यात वरून आवाज आला, "पुढून धरू नका. मान लई लांब येते त्याची. मागून धरा. अन् मारू नका."

बोलणारा दूध संस्थेचा सचिव होता. गावात किराणा दुकान चालवणारा, पन्नाशीचा, गळ्यात लिंग असलेला शैव गृहस्थ. टँकरच्या पाळ्या संस्थेमार्फत तोच लावायचा. शिपायानं मागून धरलं. कासवाची मान सर्रकन लांब आली आणि चोच हवेत मिटली. पुढून धरलं असतं तर शिपायाचा हात गेला असता.

कवचाच्या कडेला भोक पाडलेलं होतं आणि त्यात तांब्याची कडी होती. म्हणजे ते पाळलेलं होतं. सचिवाला ठाण्यात यायला सांगितलं.

वन विभागाचा माणूस येऊन पाहून गेला. म्हणाला, हे परदेशी आहे, आमच्या कायद्याच्या यादीत बसत नाही, आम्ही ताब्यात घेऊ शकत नाही. तेव्हा कासव आमचा मुद्देमाल झालं. लॉकअपशेजारी टपात ते ठेवलं. ज्या ठाण्यात पिण्याचं पाणी विकत आणत होतो, तिथे कासवासाठी बादल्या ओतू लागलो.

सचिव समोर बसला. ते कसं धरायचं हे कसं कळलं विचारलं, तर टीव्हीवर पाहिलं म्हणाला. घरी काही पाळलं होतं का? नाही. प्रत्येक उत्तर नेमकं आणि तोकडं होतं. अशा माणसावर आवाज चढवून काही मिळत नाही. मी त्याला टपाशेजारच्या बाकावर बसवलं आणि इतर कामं काढली. शिपायानं टपात भाकरी कुस्करून टाकली होती. ती तशीच तरंगत होती. सचिव त्या भाकरीकडे पाहत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "साहेब, ते भाकर खात न्हाई. त्याला मासळी लागते."

त्यानंतर विचारावं लागलं नाही. काही वर्षांपूर्वी शहरातल्या शोभेच्या माशांच्या दुकानातून त्यानं ते आणलं होतं. तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढं होतं. दुकानदारानं सांगितलं होतं, कासव घरात असलं की बरकत येते, आणि हे एवढंच राहतं. ते एवढंच राहिलं नाही. परसात हौद बांधला. घरात कांदासुद्धा सोमवारी चालत नव्हता, आणि हा माणूस बाजाराच्या दिवशी पाटोद्याहून कागदात गुंडाळून मासळी आणून त्याला घालायचा. हौद धुताना बांधून ठेवता यावं म्हणून कवचाला कडी लावली होती. मूलबाळ नव्हतं. दुकान बंद केलं की तो हौदाच्या कडेला जाऊन बसायचा.

मग दुष्काळ आला. हौदाचं पाणी बदललं नाही तर वास यायचा. बायको म्हणाली, माणसं घागरीसाठी भांडतायत अन् तुमी कासवाला हौद भरता. टँकर त्याच्याच हातात होता, म्हणून त्याला जास्तच लाज वाटली. एका पहाटे त्यानं ते पोत्यात घालून बारवेत सोडलं. पाऊस पडला की काढून आणू, असा विचार होता.

मी विचारलं, "बाईला दवाखान्यात नेलं तेव्हा का बोलला नाहीत? वस्तीवर दगड पडले असते."

"ती रोज दूध घालाया माझ्यासमोरच येते, साहेब. तिला काय तोंडानं सांगू?" मग त्यानंच विचारलं, "पाळणं गुन्हा हाय का?"

"पाळल्याबद्दल तुम्हाला आणलेलं नाही," मी म्हणालो. "सोडल्याबद्दल आणलंय."

जनावराबाबत निष्काळजीपणा, दुखापत, सार्वजनिक पाणी खराब करणं, अशी कलमं लावली. कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला, दंड झाला. संस्थेचं सचिवपद त्यानं आपणहून सोडलं. कोर्टाच्या परवानगीनं कासव शहरातल्या एका प्राणी केंद्रात गेलं. न्यायच्या दिवशी तो ठाण्याबाहेर उभा होता. आत या म्हटलं तर आला नाही.

पुढे परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले. बरं झालं. पण नोंदणीनं निम्मंच काम होतं. हौसेनं प्राणी आणणारे पुष्कळ पाहिले. माझ्या घरात मी काय ठेवायचं हा माझा प्रश्न, असं ते ठणकावून सांगतात, आणि तिथवर ते खरंही असतं. पण प्राणी वाढतो, जगतो, आपल्या सोयीनं मरत नाही. ज्या दिवशी तो नकोसा होतो, त्या दिवशी तो एकदम साऱ्या गावाचा होतो. कुंपणापलीकडे कोण राहतं, हे आणताना कुणी पाहत नाही. या माणसानं तर त्या जिवावर माया केली होती. मायेनं त्याला शहाणं केलं नाही, फक्त गप्प केलं.

पुढे बंदोबस्तासाठी त्या गावात गेलो, तेव्हा ती बाई भेटली. गोठा रिकामा होता. तुटक्या बोटांनी धार निघेना, सासूचे हात कापत. सचिवाची बायको काही दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन धारेला बसली, पण म्हैस परक्या हाताला पान्हवली नाही. आटली, आणि बाजारात गेली. मी त्या माणसाबद्दल विचारलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"त्यानं वाईट मनानं न्हाई केलं, साहेब," ती म्हणाली. "पण बोटं तर माझीच गेली ना."