परक्या माडावरचं गाणं

माझे सासरे तेकाई नीरा काढायला माडावर चढले की गायचे. आमच्या मराकेई बेटावर सगळेच गातात. वर माणूस आहे हे खालच्यांना कळायला हवं, सुरी निसटली तर? पण त्या वर्षी सासऱ्यांचा आवाज फारच चढला होता. अंधारात पोर भीती घालवायला गातं, तसा.

मला ठाऊक होतं. उजव्या डोळ्याची बाहुली केव्हाच दुधासारखी झाली होती, आता डाव्यातही धुकं उतरत होतं. बुंध्यावरच्या खाचा ते पायाच्या अंगठ्यानं चाचपत वर जायचे.

“बाबा, नीट दिसतं ना?”

“तुझ्यापेक्षा बरं. तुझा भात करपलाय, तो इथून दिसतोय मला.”

करपल्याचा वास अख्ख्या वाडीत पसरला होता.

मी खाली उभी राहायचे. वरून काही पडलं की बुंध्याकडे झेपावायचे. नीरेची करवंटी असायची.

एका संध्याकाळी गाणं भलतीकडूनच आलं. वाटेपलीकडून, शेजारच्या इओतेबाच्या माडावरून! मी धावले. दुसऱ्याच्या माडाला सुरी लावली की आमच्याकडे नातवंडांपर्यंत वैर चालतं. इओतेबा कोयता घेऊन बुंध्याशी उभा होता.

“कोण रे वर? चोर असून गातोस?”

गाणं तुटलं. मग वरून आवाज आला, “चोरच आहे मी. बोलाव सगळ्यांना.”

इओतेबानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यानं कोयता वाळूत टाकला.

“म्हाताऱ्या, डावा पाय सोड,” तो हळू म्हणाला. “अजून खाली. हं, तिथंच खाच आहे.”

जमिनीला पाय लागताच सासऱ्यांनी त्याचा दंड धरला. “इओतेबा, चोर म्हण हवं तर. आंधळा म्हणू नकोस. माड बंद होईल माझा.”

त्याच आठवड्यात दवाखान्यात डोळ्यांची डॉक्टरीणबाई आली. मी सासऱ्यांना तिकडे नेलं; वाटेत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. “डोळा काढून धुतात म्हणे गं. परत घालताना उलटा बसला तर?”

मी ते सांगितलं, तरी डॉक्टरीणबाई हसली नाही. “डोळा जागचा हलत नाही, आजोबा. आतलं भिंग गढूळ झालंय. डोळा बधिर करून, बारीक छेदातून ते काढायचं आणि दुसरं बसवायचं.”

“थेंब द्या. नाहीतर जाड चष्मा.”

“चष्मा सुरुवातीला चालतो, आता नाही. थेंबांनी मोतीबिंदू जात नाही. आणि पाल्याचा रस तर घालूच नका.”

“बिघडलं तर?”

“क्वचित बिघडतंही. म्हणून एका वेळी एकच डोळा. आधी उजवा.” तिनं डावा डोळा झाकून उजव्यावर बॅटरी धरली. “उजेड कुठून येतोय?”

उजेडच कळत नसेल तर त्या डोळ्यात करण्यासारखं काही उरत नाही, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं. सासऱ्यांची मूठ आवळली. माझं मनगट ठणकायला लागलं.

“खालून,” ते पुटपुटले.

“बरोबर.”

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. माझ्याकडे बघत ते म्हणाले, “तू एवढी थकलीस कधी?” घरी आले ते थेट आपल्या माडाशी. बुंधा पाण्याकडे कललेला. खाचा झिजून गुळगुळीत झालेल्या, मधली एक तर निम्मी तुटलेली. त्यांची हनुवटी वर वर जात राहिली.

“ह्याच्यावर?” ते म्हणाले. “ह्याच्यावर चढत होतो मी?”

ते बुंध्याला मिठी मारून खाली बसले.

वाटेपलीकडून इओतेबा ओरडला, “काय रे चोरा, आज गाणं नाही?”

सासऱ्यांनी पुन्हा शेंड्याकडे पाहिलं. “आता दिसतंय रे,” ते बुंधा न सोडता म्हणाले.