चाळीसवरचा काटा

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही, देवासमोर हात जोडतानाही मी या विषयावर अळीमिळी गुपचिळीच ठेवली. आता सांगायला बसलोय तर दोनदा उठून पाणी पिऊन आलो, पंखा कमी केला, परत वाढवला. तुम्ही म्हणाल, एवढं काय केलंस बाबा? सांगतो. पण आधी गाडीचं सांगू द्या — गाडीवाचून त्यातलं काहीच कळायचं नाही.

गाडी म्हणजे माझ्या वडिलांची जुनी मोटारसायकल. ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद झाला, पण वडील होते तोवर तिचं सगळं चालत होतं. ते गेले आणि त्याच सुमारास तिचा मीटर मेला. गाडी पळायची, काटा मात्र शून्यावर झोपलेला. बाहेरच्या माणसाला यात काय वाटणार? मीटर बंद असलेल्या गाड्या ग्वाल्हेरात पैशाला पासरी आहेत. पण आमचं घर पडलं जुन्या शिलेदारांचं. शिलेदारी गेली, घोडे गेले, दौलतगंजातलं तीन खोल्यांवर तीन खोल्यांचं घर राहिलं आणि खंडेनवमी राहिली. त्या दिवशी आमच्याकडे दोन तलवारी, एक कट्यार आणि घरातली सगळी वाहनं धुऊन-पुसून पूजेला मांडतात. आणि नियम एकच — मोडकं शस्त्र मांडायचं नाही. ज्याचं काही भंगलंय ते पूजेत बसत नाही.

हा नियम पाळणारे म्हणजे माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. शाळेत पीटीचे मास्तर होते, निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यातच असल्यासारखे बोलायचे. खालच्या मजल्यावर ते, काकू, त्यांचा मुलगा नंदू आणि त्याचं कुटुंब, वर आम्ही. वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच खंडेनवमीला काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, काटा पाहिला आणि म्हणाले, "दादाची गाडी या वर्षी नाही." पुढच्या वर्षीही नाही. माझ्या स्कूटरला झेंडूची माळ, नंदूच्या मुलीच्या सायकलला माळ, आणि वडिलांची गाडी जिन्याखाली उघडीबोडकी. मला ते फार लागायचं, अगदी रडू यावं इतकं. पण ते बोलून दाखवायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मी पार्ट शोधायला लागलो.

पार्ट काय, तर एक गरारी. पुढच्या चाकाच्या मधोमध बसणारं, सुपारीएवढं दातेरी चाक. चाक फिरलं की ती फिरते, ती केबल फिरवते, केबल काटा उचलते. बस, एवढंच. पण ती मिळेल तर शपथ! दिल्लीहून मागवली तर डबा असली आणि आतला माल नकली निघाला, दाते आठवड्यात झिजले. दुसरी आली ती बसेचना. मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे ग्रुप असतात, तिथे लोक सल्ला पोतंभर देतात, पार्ट कुणी देत नाही. मी दुपारी ऑफिसातून सटकायचो, हजीऱ्याच्या भंगारवाल्यांकडे पालथा पडून लोखंड उपसायचो, काळे हात घेऊन परत खुर्चीत येऊन बसायचो. झोपेत दाते दिसायचे. बायको म्हणायची, तू गरारीशीच लग्न करायचं होतंस.

शोधता शोधता पुन्हा नवरात्र बसलं तरी हात रिकामेच. मग लष्कर बाजारातल्या एका दुकानदाराने एक गरारी काढून दिली. त्याने फसवलं असं म्हणायची सोयही त्याने ठेवली नाही. सरळ म्हणाला, "भैया, ये छोटे मॉडल की है. बैठ जाएगी, पर काँटा कम बताएगा." मी घेतली. घरी येऊन बसवली. फूलबागेकडच्या रस्त्यावर एक फेरी मारली, मोबाइल हँडलला लावून. काटा चाळीसवर होता तेव्हा मोबाइल साठ दाखवत होता. मी ते पाहिलं — नीट पाहिलं. आणि मनात काय म्हणालो? पूजेला तर आहे, काटा हलल्याशी मतलब. दिवाळीपर्यंत असली मिळेलच.

खंडेनवमीला काका आले. मी चाक हवेत फिरवून दाखवलं, काटा उठला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं हो! त्या माणसाच्या डोळ्यांत मी वडिलांच्या तेराव्यालाही पाणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांसमोर त्यांनी माझी पाठ थोपटली. "अवी, दादाची गाडी उभी केलीस तू," म्हणाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं, की काका, हलतो पण खोटं हलतो. पण तसं सांगितलं असतं तर गाडी पुन्हा जिन्याखाली गेली असती — आणि पाठीवरची ती थाप? तीही गेली असती.

दसऱ्याला पूजेतलं वाहन घेऊन आम्ही सीमोल्लंघनाला जातो. शहराची हद्द ओलांडायची, शमीची पानं घेऊन यायची. घरातल्या पुरुषांत जो धाकटा तो चालवणार, जो थोरला तो मागे बसणार. म्हणजे नंदू आणि काका. काकांना वेगाची भारी धास्ती. फाटकात त्यांनी नंदूला बजावलं, "काटा चाळीसच्या पुढे गेला तर मी उतरून पायी येईन." नंदू हसला, "नाही हो बाबा, चाळीस म्हणजे चाळीस."

मी तिथेच उभा होतो. माझ्या हातात ओवाळणीचं तबक होतं. एक वाक्य पुरलं असतं. नंदू, काटा पंचवीसवर ठेव — एवढंसंच. नाही बोललो. सगळे बघत होते ना.

झाशीच्या रस्त्यावर एका वळणाला गिट्टी सांडलेली होती. नंदूने काटा चाळीसवर ठेवला होता, चाळीसला ते वळण आरामात निघालं असतं. गाडी साठने त्या गिट्टीवर गेली आणि आडवी झाली. नंदूचे कोपर-गुडघे सोलले. काकांचं खुब्याचं हाड मोडलं.

रोज पहाटे फूलबागेला चार चकरा मारणारा माणूस त्यानंतर काठीशिवाय मोरीपर्यंतही गेला नाही. पण तुम्हाला वाटत असेल की हाच माझा गुन्हा, तर थांबा. हाड तरी जुळून येतं.

वळणावरच्या चहावाल्याने काकांना उचलताना म्हटलं होतं, "साठ-सत्तर में आ रहा था लड़का." काकांनी ते ऐकलं. इस्पितळात नंदू रडत होता, "बाबा, काटा चाळीसवर होता, तुमची शपथ." काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "माझी शपथ घेऊन खोटं बोलतोस?" आमच्या घरात बापाची शपथ ही थट्टेत घ्यायची गोष्ट नाही. जोरात चालवलीस हे त्यांनी माफ केलं असतं, रागावून, दोन शिव्या देऊन माफ केलं असतं. खोटी शपथ त्यांच्याने गिळवेना. त्या दिवसापासून ते नंदूशी गरजेपुरतंच बोलायला लागले. औषध आण. दिवा लाव. कामावर असलेल्या माणसाशी बोलावं तसं.

मी तिथे पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तोंडात मिठाची गुळणी.

काही दिवसांनी नंदू वर आला. दारातच उभा राहून म्हणाला, "अवीदादा, एक बार मीटर चेक करून घेऊ ना. मोबाइल लावून. मला पक्कं याद आहे रे, काटा चाळीसवरच होता." बिचाऱ्याच्या आवाजात माझ्याबद्दल संशय नव्हता. मला मदतनीस समजूनच आला होता तो. मी काय म्हणालो? म्हणालो, पुढचं चाक वाकलंय, ते ठीक होऊ दे, मग बघू.

आणि मग मी पुन्हा शोधायला लागलो. आधी शोधायचो तो वडिलांसाठी — निदान मी तसं समजत होतो. आता चोराच्या मनात चांदणं. जेवता जेवता उठायचो. ऑफिसात फोन वाजला तर दचकायचो. असली गरारी, खरी, खात्रीची, कुठूनही, लवकर, नंदूने दुसऱ्या कुणाला विचारायच्या आत. किती प्रामाणिकपणे शोधली म्हणून सांगू! आणि गंमत बघा, वर्षानुवर्षं जी मिळाली नाही ती आता मिळाली. हजीऱ्यातच, एका मोडीत आलेल्या तशाच गाडीच्या चाकात, कारखान्याचा शिक्का असलेली, एकही दाता न झिजलेली. आनंद झाला मला. खरंच झाला. 

दार लावून गरारी बदलली. जुनी रुमालात गुंडाळून स्वर्णरेखेच्या नाल्यात टाकली. मग खाली जाऊन नंदूला हाक मारली — चल, बघू तुझा मीटर.

काका फाटकात खुर्ची टाकून बसले होते, काठी मांडीवर. मी चालवत होतो, नंदू मागे मोबाइल धरून. रस्ता मोकळा मिळाला तसा मी काटा चाळीसवर आणून स्थिर धरला.  मी विचारलं, किती? तो म्हणाला, "चाळीस." मग म्हणाला, "फिर से कर ना दादा." पुन्हा केलं. पुन्हा चाळीस.

परत आलो. काकांनी नुसतं वर पाहिलं. नंदूला तिथे खोटं बोलता आलं असतं — मोबाइल त्याच्याच हातात होता, काकांना मोबाइलमधलं काही कळत नव्हतं. साठ निघालं, एवढं म्हणायचा अवकाश, त्याचा बाप त्याला परत मिळाला असता. तो म्हणाला, "मीटर बरोबर आहे, बाबा." आणि आत गेला. काकांनी मान फिरवली. मी गाडी स्टँडला लावली, फडक्याने पुसली.

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात नंदूने त्यांचं हागणंमुतणं काढलं, पण ते त्याच्याकडे बघून हसले नाहीत. मला जवळ बोलवायचे. माझा हात धरून पडून राहायचे. मी एकटा असायचो त्यांच्यापाशी, कितीतरी दुपारी. म्हणजे संधी नव्हती असंही नाही.

भित्रा होतो म्हणावं, तर भित्रा माणूस गप्प बसतो. मी गप्प बसलो नाही. मी पुरावा बदलला आणि तो नंदूच्या हातात दिला, त्याच्याच तोंडून वाचून घेतला. याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात नंदूच्या मुलीला, गार्गीला, कॉलेजसाठी स्कूटर घेतली. फाटकातच पेढे वाटले. नंदूने किल्ली तिच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "बेटा, गाडी पडली तर पडू दे, ठीक होते. पण घरी येऊन झूठ नको बोलूस. मी एकदा बोललो होतो, आजोबांची शपथ घेऊन. सत्तरवर होता काटा. माझ्या डोळ्यांसमोर आहे अजून, सत्तरवर होता, आणि मी चाळीस म्हणालो."

तो ते खरं मानून सांगत होता. त्याला आता तसंच आठवतं.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हो ना, अवीदादा?"

मी हो म्हणालो.