संत्र्याच्या झाडांची ओटी

“दरोगासाहेब, एक शब्द बोला फक्त. झाडं मेली म्हना, मी उद्याच कुऱ्हाडी लावतो.”

गुलाबराव पाटील असं म्हणाला तेव्हा मी त्याच्या बागेत उकिडवा बसून एका संत्र्याचा बुंधा हुंगत होतो. हसू नका, नोकरीच तशी होती. अमरावतीच्या सरकारी बागेचा मी दरोगा. म्हणजे झाडांचा वैद्य, माळ्यांचा मुकादम आणि साहेबाच्या गुलाबांचा राखणदार. कुणाच्या बागेत रोग पडला की मला बोलावणं यायचं.

त्या दिवसांत बोलावणी कमीच झाली होती. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस अडला, विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस लागू लागला आणि आमचे लोक पिसाटले. आंबराया तुटल्या, पेरूच्या बागा तुटल्या. तुळशीवृंदावनात कपाशी लावायची तेवढी राहिली होती! चांदूरकडे गुलाबरावाच्या बागेत जायची परवानगी मागितली तर साहेब म्हणाला, “संत्रा कायको? मँचेस्टरको कपास मंगता.”

म्हटलं, “साहेब, मँचेस्टरला ताप आला तर संत्रंच लागेल.”

हसला आणि ऑर्डर दिली.

गुलाबरावालाही बागेच्या जागी कपाशीच हवी होती. त्याची आई सरजाबाई मात्र आडवी आली होती. ही झाडं तिनं नागपूरकडच्या माहेराहून आणलेली. “सरकारी मानूस मेली म्हनाला, तर तोड,” एवढ्यावर मायलेकांचा तह झाला होता. म्हणजे निकाल माझ्या तोंडून लागायचा होता. बाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून माझ्या तोंडाकडेच पाहत होती.

झाडांची दशा वाईट होती. पानं पिवळी, शेंडे वाळलेले, बुंध्यातून डिंक गळतोय. याला आम्ही डिंक्या म्हणतो. बुंधा सतत ओला राहिला की साल कुजते. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. साल चारी बाजूंनी कुजली की मुळं उपाशी मरतात, आणि मग झाड.

पण बुंधा ओला राहतो कशानं? बुंध्याभोवतीची आळी नीट होती, पाण्याचा निचराही ठीक होता. बुंध्याशी गुडघाभर ढीग होता, त्यात हात घातला. आतून चांगलाच गरम! मूठ उघडून पाहिली तर सरकी. कापूस रेचला की मागे बी उरतं ते. त्या वर्षांत गावोगाव सरकीचे डोंगर पडलेले. ही सरकी भिजून बुंध्याला चिकटून कुजत होती.

“हे कुणी केलं?”

“म्या केलं,” सरजाबाई म्हणाली.

“आधी काढा हे, बाई.”

“नाई काढत.”

“काहून?”

“झाडायची ओटी हाये ते. भरली ओटी कोनी परत घेते काय?”

गुलाबरावानं कपाळावर हात मारला. “आता पाहा! मी रोज हेच ऐकून राहिलो.”

“तू गप रे,” बाई त्याच्यावर खेकसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “पाटील गेले तवापासून मले कोन्या बाईची ओटी भरता येत नाई. लेकीचं डोहाळजेवन झालं, मी माजघरात बसली होती. या झाडायले म्या मांडीवर घेऊन गाडीतून आनलं. हे मले नाई म्हनत नाईत. घरात सोन्यावानी सरकी आली, भरली त्यायची ओटी. रोज पानी शिंपडलं.”

खरं सांगतो, मुठीतली सरकी मला फेकवेना. पण बाईचा जीव राखायचा तर आधी झाडांचा राखायला हवा होता. मुळं, साल, निचरा, हे व्याख्यान तिथं काय कामाचं?

“बाई, ओटी कशात घालतात?”

“पदरात.”

“गळ्यात तर नाही ना कोंबत?”

“हट्! गळ्यात कोन कोंबते?”

“मग हा झाडाचा गळा आहे. पदर तिकडे आहे.” मी काडी घेतली आणि फांद्यांचा घेर जिथं संपतो तिथं जमिनीवर गोल रेघ ओढली. “खाणारी मुळं इथं असतात. ओटी इथं घाला.”

बाई रेघेवरून झाडाभोवती एक फेरी मारून आली. मग खुदकन हसली आणि पदर खोचून कामाला लागली.

तिनं सरकी उपसून रेघेवर मातीत मिसळली. मी विळ्यानं कुजकी साल हिरवी लागेपर्यंत खरवडली आणि चुना-गेरू फासला. मग सांगितलं, “आता थंडीत पाणी बंद.” याला ताण देणं म्हणतात. झाड थकतं, पानं गाळतं, आणि पुन्हा पाणी मिळालं की फुलतं. तो आंबिया बहार.

पानं गळाली तसा गुलाबराव थेट अमरावतीत येऊन उभा. “तुमी तं उरलेली बी मारली!”

“माघात मोट सोड.”

“माघात मी नांगर घालीन!”

“घाल. आधी मोट, मग नांगर.”

माघ सरता सरता मी धाकधुकीनंच गेलो. धुऱ्यावरच वास आला. झाडं फुलांनी पांढरी झालेली, मधमाशा घोंगावतायत. ज्यांची साल चहूकडून गेली होती ती मात्र वाळली. गुलाबरावानं तेवढीच तोडली.

दिवाळीनंतर फळं पिवळी झाली तेव्हा मी बायकोला घेऊन गेलो; झाडांच्या ओटीची गोष्ट तिनं माझ्याकडून ऐकली होती. सरजाबाईनं टोपली भरून तिच्यापुढे केली. बायकोनं टोपली घेतली नाही. पदर पसरला.

“अशी नाही. ओटीत घाला.”

सरजाबाईचा हात मागे गेला. “नको वो बाई, लोक काय म्हनतीन!”

“झाडांना काही झालं का? मलाही होणार नाही.”

गुलाबराव कुऱ्हाड शोधायला म्हणून तिकडे गेला. कुऱ्हाड त्याच्या हातातच होती. सरजाबाईनं पाच संत्री घातली. एका हातानं एकेक घालत होती, आणि डोळे पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता, त्यात टोपली होती.

पुढे लढाई संपली, कापसाचा भाव उतरला. बाग राहिली. नवा माळी कामावर आला की मी पहिल्या दिवशी एवढंच सांगतो. झाडावर जीव टाका, पण बुंध्यापासून हातभर लांब.