हलकं काम

आमच्या गावात कामांची वाटणी पक्की आहे. नांगर धरणं, चिखल करणं, पोती उचलणं ही जड कामं, म्हणून पुरुषांची. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोपं लावायची, म्हणजे रोवणी, ते हलकं काम, म्हणून बायकांचं. ही वाटणी करणारा एकदाही रोवणीला वाकलेला नसणार, हे मी शपथेवर सांगते.

सिंदेवाहीकडच्या या गावात मी आशा वर्कर आहे. चंदाबाई माझ्यापासून चौथ्या घरात राहते. वय अठ्ठेचाळीस. रोवणीत तिचा हात असा चालतो की तिच्या शेजारची ओळ धरायला बाकीच्या बायका नाखूश असतात. मागच्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, पुन्हा आले. यंदा जुलैत ती पाठ दुखते म्हणाली, तेव्हा डॉक्टरांनी नागपूरला पेट स्कॅन करायला सांगितलं.

कागद मीच वाचून दाखवला. उपाशी या, आधीचे दोन दिवस कष्टाचं काम करू नका.

‘‘नाई करत जी,’’ ती म्हणाली. मी खुशाल निघून गेले.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं गेलो: ती, मी आणि तिचा नवरा धनराजभाऊ. पडद्यावर तिच्या अंगाचं चित्र होतं. कंबरेच्या दोन्ही बाजू, मांड्या, खांदे, सगळं लखलखत होतं.

‘‘शिरेतून साखरेसारखं औषध दिलं होतं ना,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘ते जिथं जास्त ओढलं जातं तिथं असं चमकतं. कॅन्सरची पेशी साखरेची हावरट असते. भरपूर खाते, अर्धवट वापरते आणि उरलेल्याचं लॅक्टेट करून बाहेर टाकते. त्यानं आजूबाजूला सगळं आंबट होतं. आपल्या अंगातल्या राखणदार पेशी त्या आंबटात ढिल्या पडतात, आणि गाठीला पसरायला रान मोकळं मिळतं.’’ मग चंदाबाईकडे वळून त्यांनी विचारलं, ‘‘स्कॅनच्या आधी कष्टाचं काम केलं होतं?’’

‘‘नाई जी. काहीच नाई.’’

‘‘नक्की?’’

‘‘नाई केलं बाई,’’ धनराजभाऊंनीही सांगितलं.

त्यांनी पडद्यावर कंबरेची बाजू मोठी करून पाहिली. मग म्हणाल्या, ‘‘मग शुक्रवारी पाठीतला तुकडा काढून तपासू. पसरलं असेल तर उपचार बदलावे लागतील.’’

परतीच्या बसमध्ये, उमरेड गेल्यावर, चंदाबाईनं माझा हात आपल्या कंबरेवर ठेवला. ‘‘पाह्य, गरम लागते का?’’ गरम नव्हतं. तरी मी हात तसाच ठेवला.

घरी आल्यावर तिनं चहातली साखर सोडली. मग भात सोडला. दही, चिंच, अंबाडी, आंबट म्हणून जे जे होतं ते उंबऱ्याबाहेर. खाण्यातल्या आंबटाचा याच्याशी काही संबंध नाही, हे मी तीनदा सांगितलं. पण भ्यालेल्या माणसाच्या कानात काही शिरत नाही.

‘‘मले आतून आंबल्यासारखं वाटून राह्यलं, दिव्यानी,’’ ती म्हणाली. ‘‘पोरीचं लग्न तरी पाहीन का मी?’’

मी रागावले. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना दोष आहे. ‘‘बस गप, पाय धुऊन आधी काहीतरी खा,’’ म्हणून मीच तिचे पाय बादलीत घातले. आणि बघते तर बोटांच्या बेचक्यात चिखल्या. कातडी पांढरी, फाटलेली, अजून ओली.

‘‘हे कधीचं?’’

‘‘रोवणीचं.’’

‘‘कोणत्या रोवणीचं?’’

‘‘इतवार-सोमवारी आपली धानाची बांधी रोवली नाई का? मंगळवारी मंग स्कॅनले गेलो.’’

‘‘बाई गं! डॉक्टरनं विचारलं तेव्हा काऊन नाई सांगितलं?’’

ती माझ्याकडे अगदी भोळेपणानं बघत राहिली. ‘‘त्यायनं कष्टाचं विचारलं ना. मी नांगर धरला का पोतं उचललं?’’

रडावं की तिच्या पाठीत धपाटा घालावा, मला कळेना. खरं तर धपाटा मलाच हवा होता. कागद वाचून दाखवणारी मी याच गावची. रोवणी करू नको, असं मला सांगायला सुचलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी फोन केला. डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढणं थांबवलं. दमलेला स्नायूही साखर ओढतो, लॅक्टेट बनवतो, त्या म्हणाल्या. पण विसावा मिळाला की ते रक्तात जातं, हृदय आणि यकृत ते वापरून टाकतात. गाठीला विसावा माहीतच नसतो. ती बसल्या जागी बनवतच राहते. मग चित्र निवतं की नाही, ते पुन्हा बघूनच कळेल.

थोड्या दिवसांनी दुसरं स्कॅन ठरलं. त्याआधी तीन दिवस चंदाबाईला मी बाजेवर बसवलं. पाण्याचा हंडासुद्धा उचलू दिला नाही. आता सबब उरली नव्हती. या वेळी चमकलं तर ते तेच.

पडद्यावर चित्र आलं तेव्हा मी डोळे मिटले होते. धनराजभाऊंचा हुंदका ऐकून उघडले. कंबर काळोखी, मांड्या काळोख्या, खांदे काळोखे.

‘‘काही नाही,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘सहा महिन्यांनी परत या.’’

चंदाबाई खुर्चीतून उठेना. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘‘ते पयलं चित्र मले द्या जी. लखलख होतं ते.’’

‘‘त्यात काही आजार नाही, चंदाबाई. ती तुमची मेहनत आहे फक्त.’’

‘‘म्हनूनच पायजे,’’ ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. ‘‘गावात दाखवीन.’’

धनराजभाऊ खाली बघत राहिले.