मनी म्हणाली, ‘येते’

आमच्या मनीला शाळेतून काढलं, ते ती तिथे रडायची म्हणून. त्याला ‘विचारपूर्वक घेतलेला निर्णय’ मी म्हणू लागलो ते नंतर, नातेवाईक चौकशी करायला लागल्यावर. मूल घरात, दारात, बाजारात आपोआप शिकतं, असं ऐंशीच्या सुमाराला गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीत मी भेटेल त्याला ऐकवत असे. (बायकोला, म्हणजे सुमनला, एकदाच ऐकवलं. ती म्हणाली, “मग तुम्ही कधी शिकणार?”)

खरं तर मनी शिकत होती ती शेजारच्या निकमकाकांकडून. काका रिटायर झालेले, मूलबाळ नाही. सकाळी तिचं बोट धरून बसस्टॉपवर जायचे आणि कुठेही न जाता परत यायचे. पंचवटी, सातपूर, देवळाली, अशा बसच्या पाट्या वाचत ती अक्षरं शिकली. रीतभातही तिथलीच. निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं, ‘येते’ म्हणायचं, हेही काकांनीच शिकवलेलं. श्रेय मी घेत होतो.

त्या उन्हाळ्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

आम्ही तिघं भेटायला गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या दिवसापासून कुणाशी बोलल्या नव्हत्या, पाणीसुद्धा पाजावं लागत होतं. शेजारी लासलगावहून आलेल्या त्यांच्या थोरल्या जाऊबाई. मी थोडा वेळ जमिनीकडे पाहिलं, दोनदा सुस्कारा टाकला आणि उठलो. दुःखाच्या घरातून मुकाट्याने निघायचं, ‘येतो’ म्हणायचं नाही, हे कुणाला सांगावं लागतं का? (लागतं. सहा वर्षांच्या मुलीला लागतं.)

दारात पोचल्यावर मनी वळली आणि खणखणीत म्हणाली, “काकू, येते हं.”

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. “पोरीला आईबापानं काय शिकवलं नाय वाटतं.”

“शाळेत जात नाही ती,” मी खुलासा केला. त्याने परिस्थिती सुधारली नाही. म्हणून पुढे म्हणालो, “तिला म्हणायचंय, ती येणार नाही. आम्ही कुणीच येणार नाही.”

सुमनने माझी बाही ओढली. मी घाईघाईने चपला पायात सरकवल्या. त्या सैल लागल्या. खाली पाहिलं, तर त्या काकांच्या होत्या. कुणी उचलल्याच नव्हत्या.

“त्या नका घालू,” काकू म्हणाल्या.

इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या. मी चपला काढल्या आणि होत्या तशा नीट लावून ठेवल्या. काकूंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

“कधी येतेस?” त्यांनी मनीला विचारलं.

“उद्या.”

“ये.”

जाऊबाई काही म्हणणार होत्या. काकूंनी हातानेच त्यांना थांबवलं. “सगळे न बोलता उठून जातात, वहिनी. येते म्हणालं का कुणी?” आणि मग त्या रडल्या, बहुतेक पहिल्यांदाच.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. कॉलनीही आपलं कर्तव्य उरकून मोकळी झाली. मनी मात्र रोज जायची. तिथे काय करता, असं विचारलं तर म्हणाली, “तांदूळ निवडतो. मग काकू रडतात. मग आम्ही चहा करतो.” मी इतका शिकलो, पण हा विषय मला कधी नव्हता. ऑफिसातून येताना काकूंचं दार उघडं दिसलं की मी सायकलची गती वाढवायचो. बोलायचं काय, हा प्रश्न!

एका संध्याकाळी सुमनने मलाच मनीला आणायला पाठवलं. निघताना मनीने तिचं नेहमीचं ‘येते’ म्हटलं. काकू उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

“तुम्हीही येत जा, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “घर खायला उठतं हो.”

आता या बाईला काय हवं आहे, हे अगदी मलाही कळत होतं. एकच शब्द होता, सोपा. मी मान हलवली आणि म्हणालो, “बरं, जातो.”

काकू बघतच राहिल्या. मनीने माझा हात धरला आणि त्यांची समजूत घातली, “काकू, बाबा शाळेत शिकलेत ना.”