एकशे पस्तीसची लेन्स

महिना होत आला. जव्हारच्या माझ्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो कापत होतो, तेव्हा पोशेऱ्याहून फोन आला. शंकर गुरुजी गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी कात्री खाली ठेवली आणि समोरच्या गिऱ्हाईकाला उगाचच म्हणालो, "उद्या या."

चौथीत मी त्यांच्या हाताखाली होतो. निवृत्तीनंतर त्यांना फोटोंचा नाद लागला, आणि कॅमेरा घेतला तोही भलता दांडगा, भरमसाट मेगापिक्सेलचा फुल फ्रेम. त्याला लांबचं जवळ आणणारी टेलीलेन्स कोणती घ्यावी यावरून आमची दोन महिने जुंपली. मी म्हणायचो, शंभर-चारशेची झूम घ्या, दाभोशाच्या धबधब्यावरचे पक्षी मिळतील. ते आपले एकशे पस्तीस मिलिमीटरच्या लेन्सवर अडून. झूम नाही, पण उजेड आत घेणारं छिद्र मोठं, एक पॉइंट आठचं. "गुरुजी, ही धड जवळची नाही, धड लांबची नाही. काय करणार हिचं?" मी वैतागून विचारलं. "घरात उजेड कमी असतो रे," एवढंच म्हणाले. "मग ट्रायपॉड लावा की." "तो मांडला की ती उठून जाते." ती म्हणजे काकू. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांचा एक धड फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की पाठ फिरवायच्या. मी हसलो होतो तेव्हा... बायकोच्या फोटोसाठी एवढी लेन्स! त्या हसण्याची आज लाज वाटते.

कारण गुरुजींचा उजवा हात थरथरायला लागला होता. दुकानात आले की तो खिशात असायचा, मला वाटायचं ऐट. साध्या कॅमेऱ्यात जरासं हललेलं खपून जातं, यात बारीक थरथरही ठळक दिसते. शटर झटकन मिटलं तरच निभावतं, आणि अंधाऱ्या घरात तसं मिटायचं तर लेन्सने भरपूर उजेड आत घ्यायला हवा. हात पुरता जायच्या आत काकूंचा एक फोटो, एवढ्यासाठी त्यांनी ती निवडली होती. मला सांगितलं असतं तर मी वाद तरी घातला नसता. पण मास्तर ते, विद्यार्थ्याला हात कसा दाखवणार?

हाताचं मला गेल्या आठवड्यात काकूंकडून कळलं, लेन्सचं मग माझं मलाच उमगलं. पोशेऱ्याला गेलो तर त्यांनी कॅमेराच पुढ्यात ठेवला. "बघ बाबा, यात काय काय हाय." सुरुवातीचे, जुन्या लेन्सचे फोटो सगळे हललेले आणि पाठमोरे. मग एकशे पस्तीस लागली, आणि काकू समोरून दिसू लागल्या. चुलीपाशी, दारात, नागली पाखडताना. सुपातला दाणा न् दाणा स्पष्ट. पण प्रत्येक फोटोत सूप अर्ध्यावर थांबलेलं.

"काकू, तुम्ही पाठ फिरवायचं सोडलंत?"

"त्यांचा हात बघितला, मग सोडलं. पडवीतून नेम धरून बसायचे, त्यांना वाटायचं हिला ठावं नाही. कॅमेरा वर झाला का मी हातातलं काम तसंच थांबवायची. श्वाससुद्धा घ्यायची नाही. त्यांचा हात हालतो, तर निदान आपण तरी हलू नये."

काकू थांबल्या नसत्या तरी चाललं असतं. त्या लेन्सने उडतं सूपही टिपलं असतं, हात असो की सूप, हललेलं सावरायलाच तर ती घेतली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.